तलाक, खुला आणि आमच्या मॅडम

वकिलाच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से भराभर साठतात, आणि त्यांना धूळही बसत नाही! मी जोहे गावची, पेणला रुखसाना मॅडमची ज्युनिअर. मुसलमानांत तलाक कसा होतो, हे मी पुस्तकापेक्षा त्यांच्या टेबलाशी बसूनच जास्त शिकले.

*

नागोठण्याचा एक कंपनीवाला शिफ्ट सुटल्यावर थेट ऑफिसात. बायकोला व्हॉट्सॲपवर तीनदा तलाक लिहिलेला. "झाला ना मॅडम?"

"नाय झाला. असला तलाक कायद्यानं रद्द. तीनदा लिहिलास ना? शिक्षापण तीन वर्षांपर्यंत हाय!"

तो घाईघाईनं मेसेज डिलीट करायला लागला. मॅडम म्हणाल्या, "राहू दे. तुझी बायको सकाळीच दाखवून गेली!"

*

रोह्याच्या एका रिक्षावाल्यानं मात्र रीतीनं केलं. दोन्हीकडची मोठी माणसं बसवून एकदाच तलाक म्हणाला. पुढे इद्दत, म्हणजे बायकोच्या तीन मासिक पाळ्या होईपर्यंतची मुदत. बायको राहते त्याच घरात, आणि तेवढ्या मुदतीत नवऱ्याला तलाक मागे घेता येतो. दुसऱ्याच महिन्यात दोघं एका रिक्षातून हजर!

"मॅडम, मागे घेतला."

बायको म्हणाली, "मग आता आवाजपण खाली घ्यायचा!"

*

निडीच्या सलमाला नवरा मारायचा. ती खुला मागायला मौलवींसमोर उभी राहिली, तेव्हा थोरला दीर ओरडला, "बाई कुठं नवऱ्याला सोडते व्हय?"

"सोडते," मॅडम म्हणाल्या. "बाईनं मागायचा, त्यालाच खुला म्हणतात. विचारा मौलवीसाहेबांना."

मौलवींनी मान डोलावली. सलमानं निकाहात नवऱ्यानं दिलेली मेहरची अंगठी काढून परत त्याच्यासमोर ठेवली. नवरा खाली बघत "कबूल" म्हणाला. तिच्या म्हाताऱ्या बापानं तिची बॅग उचलली. "चल गो. घर तुझंच हाय."

त्या दिवशी मला माझ्या काळ्या कोटाचा फार अभिमान वाटला.

*

आणि मॅडमच्या लेकीचा, सनाचा निकाह! सना म्हणाली, "निकाहनाम्यात लिहा, तलाकचा हक्क मलापण." नवऱ्यानं कबूल केलं तर असं लिहिता येतं.  मांडवात काझीसाहेबांनी नवरदेवाकडे पाहिलं.

"लिहा," तो म्हणाला.

मॅडमनी ओढणीनं डोळे पुसले. तेवढ्यात नवरदेवाची ऐंशीची दादी पुढे सरकली.

"काझीसाब, माझ्या निकाहनाम्यात हे आता घालता येल काय?"

शेजारी बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या नवऱ्यानं लगबगीनं उठून तिला पाण्याचा ग्लास आणून दिला.