रडली असं लिव

खर्डीपलीकडच्या पाड्यांवर बाळांना लस टोचणाऱ्या नर्सबाई कधी घाईत दिसल्या नाहीत. सुई टोचण्याआधी त्या बाळाच्या मांडीवर अंगठा दाबून धरायच्या आणि आईला म्हणायच्या, "रडणार नाय गो." वीस वर्षांची ही त्यांची पद्धत. आसपासच्या नर्सही ती त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या.

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी मी तीच तपासायला घेतली. कोणत्या बाळाची मांडी दाबायची आणि कोणाची नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. रडणं घड्याळ लावून मोजलं. गणित केलं, तर दोन गटांतला फरक इतका थोडा निघाला की तो निव्वळ योगायोगानेही पडला असता.

नर्सबाईंना हे सांगताना मलाच अपराधी वाटत होतं. म्हटलं, "बाई, दाबलेल्यांतली दोन बाळं फारच रडली. त्यांना सर्दी होती. ती वगळली तर फरक दिसेल."

लशीच्या डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "ती रडली ना? मग रडली असं लिव."

मी 'पद्धत निरुपयोगी' असं लिहायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "तसं पण नाय. फरक दिसला नाय, एवढंच लिव."

नकोसे आकडे वगळायचे नाहीत, आणि फरक दिसला नाही म्हणजे तो नाहीच असं नव्हे, हे वर्गात वर्षभर घोकलेलं मला तेव्हा कळलं.

पुढच्या लसीकरणाला त्यांचा अंगठा सवयीने मांडीवर गेला. त्या बाळाच्या आईने विचारलं, "दाबल्यावर रडत नाय ना, बाई?"

वीस वर्षांचं उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"म्हाईत नाय गो," त्या म्हणाल्या.