जनान्यातला कोनाडा

माय गेली त्या दिवशी मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पंधरा दिवसांनीही नाही. तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. आमच्यात कोणी वय लिहून ठेवत नव्हतं, आणि लिहिणं मी शिकले ते म्हातारपणी, नातवंडांच्या पाट्यांवर. म्हणून हे लिहिणंही बोलल्यासारखंच होणार. सांभाळून घ्या.

आम्ही झरीचे. बा चुन्याचा गवंडी. निजामाचं राज्य होतं, आणि आमच्या भागातल्या जागीरदारांच्या, कापसाच्या व्यापाऱ्यांच्या कोठ्या चुन्यातच बांधलेल्या. बैल जुंपून दगडी घाण्यात चुना मळायचा, त्यात बेलफळाचं पाणी आणि गूळ. बा गिलावा करायचा आणि त्याच्यामागून माय. गिलावा ओला आहे तोवर नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं तो घोटायचा, वरून शंखजिऱ्याच्या पांढऱ्या भुकटीची पुरचुंडी आपटत राहायची, भिंतीत आपलं तोंड दिसेपर्यंत. हे घोटाईचं काम बायकांचं. मायचा गोटा इतका झिजला होता की तिच्या अंगठ्याची जागा त्यात खोल झाली होती.

घोटाईचा एकच कायदा. ओल्या भिंतीवर थेंब पडू द्यायचा नाही. घामाचा नाही, पाण्याचा नाही, कसलाच नाही. पडला की डाग उठतो, आणि तो मग भिंत पाडली तरच जातो. माय स्वतःच्या कपाळाला फडकं आवळून बांधायची, माझ्याही बांधायची. लहानपणी गोटा बोटावर बसला की मला रडू यायचं. तेव्हा माय आधी मला भिंतीपासून लांब ढकलायची, आणि मग विचारायची काय झालं ते.

ती चार दिवसांच्या तापात गेली. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. खड्ड्याच्या काठावर मला उभं केलं होतं. सगळ्या बाया हंबरत होत्या. मी बघत होते की खड्ड्याची एक कड ओळंब्यात नाही, वरून आत कललेली आहे. त्या दिवसातलं मला तेवढंच आठवतं.

आत्या, म्हणजे बाची थोरली बहीण, घर सांभाळायला येऊन राहिली होती. तिनं पंधरा दिवस वाट बघितली. मग एकदा भाकरी थापता थापता बाला म्हणाली, "पोरगी रडंना भाऊ. आत साचलं की डोसक्यात चढतंय. अमावस्येला भगताकडं न्यायची तिला."

"तो काय करतो?" मी विचारलं.

"मिरच्यांची धुरी देतो. घळाघळा पाणी येतंय."

"धुरीनं कोणीबी रडतं, आत्या."

"बघ, बघ कशी बोलायली," आत्या बाला म्हणाली. "मायच्या मातीला महिना न्हाई झाला."

त्या भगताच्या दारात एका बाईला मी पाहिलं होतं. धुरीनं भागलं नाही तर तो ओल्या फोकानं मारायचा. बालाही ते माहीत होतं. तो म्हणाला, "अमावस्येला आठ दिवस हायत आक्का. मी हिला फेरीला नेतो. येऊ तवर रडंल."

"कोठ्या बघून कोण रडतंय रे?"

आत्यानं लाल मिरच्या निवडून फडक्यात बांधल्या आणि पुरचुंडी आढ्याला टांगून ठेवली.

फेरी म्हणजे काय, ते सांगते. दर उन्हाळ्यात बा आणि माय मला घेऊन जुन्या कोठ्या बघत पायी फिरायचे. कुठं गिलावा फुगलाय, कुठं तडा गेलाय, ते पावसाआधी बुजवून यायचं. यंदा बानं शिंप्याची सायकल मागून आणली. चुन्याची पिशवी पुढं लटकवली, मी मागं कॅरेजवर. काळ्या रानाला भेगा पडलेल्या, त्यामुळं निम्मी वाट आम्ही सायकल ढकलतच चाललो. बा मला सगळं दाखवत होता. ही बारव, ही पडकी गढी, हा आंबा कोणाचा. मी बघत होते. पळस फुलून झडलेला होता, हेही दिसलं. सगळं दिसत होतं आणि त्यातलं काही माझ्याशी बोलत नव्हतं. सेलूच्या अलीकडं बा एकदम थांबला आणि म्हणाला, "पायात काय हाय तुझ्या?" बघितलं तर बाभळीचा काटा अर्धा आत. कधी शिरला, मला ठाऊक नाही. बानं काढला. मी त्याच्या डोक्यावरचं मुंडासं बघत होते.

सेलूच्या व्यापाऱ्याची कोठी लय नामी. माडीवर रंगीत काचा. ऊन त्यातून आलं की फरशीवर लाल, हिरवी, निळी पानं पडायची. दर वर्षी त्या पानांवर पाय ठेवत मी माडीभर नाचायचे. बा म्हणाला, "जा ना." मी गेले. तांबड्यावर पाय ठेवला, पाय तांबडा झाला. काढला. मग खाली आले. व्यापाऱ्याच्या बायकोनं मला जवळ घेतलं, "रड बाई, रड" म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. तिचं झाल्यावर मी विचारलं, हात कुठं धुवायचे.

बानं ते ऐकलं.

रात्री तिथल्याच ओसरीवर टेकलो आणि सकाळी माघारी निघालो. परतीच्या वाटेवर जागीरदारांची बागेतली कोठी. मोसंबीची झाडं, कोरडा हौद, मधे बारा दारांची बैठक, आणि मागच्या अंगाला उंच भिंतीआड जनाना. जनान्यात गडीमाणूस पाय ठेवत नसे. म्हणून आतलं सगळं काम, गिलावा धरून, माय आणि आणखी दोघी बायकाच करायच्या. बा चुन्याची घमेली दारापर्यंत आणून ठेवायचा, माय ती आत न्यायची. संध्याकाळी बाहेर आली की बा विचारायचा, "कशी झाली?" माय म्हणायची, "झाली बरी." पंधरा-सोळा वर्षांत यापलीकडं त्याला काही कळलेलं नव्हतं.

तिथं एक म्हातारी राखणीला असायची. आम्ही तिला खाला म्हणायचो. तिनं मला बघितलं, माझ्या मागं बघितलं.

"अम्मा कां है गे?"

"अम्मा नै रही, खाला," बा म्हणाला.

खाला दारातच खाली बसली. बराच वेळ पायरीवरचा कचरा बोटांनी गोळा करत राहिली. मग उठली. जनान्यातल्या सगळ्या जणी लग्नाला हैदराबादला गेल्या होत्या, महिनाभर कोणी यायचं नव्हतं. खालानं दार पुरं उघडलं.

"आजाव भाई, अंदर आजाव. खाली घर में परदा किसका?"

बा उंबऱ्याशी थांबला. वहाणा काढल्या. पाय झटकले. मग एकदम आत न जाता त्यानं चौकटीला हात लावला, आणि मग गेला.

आतल्या मोठ्या खोलीच्या चारी भिंती मायच्या. मी त्या लहानपणापासून बघितलेल्या, तिच्याबरोबर आत जात असे ना. पण त्या दिवशी मी भिंतींकडं कमी आणि बाकडं जास्त बघितलं. अंड्याच्या कवचासारखा रंग, कुठं सांधा नाही, कुठं हाताची खूण नाही. दारातून आलेला उजेड भिंतीत आत आत जात होता. गिलावा पोकळ झालाय का बघायला बा दर कोठीत भिंतीवर बोटाचं पेर वाजवायचा. इथंही त्यानं बोट उचललं. पण वाजवलं नाही. बोट तसंच धरून तो भिंतीत दिसणाऱ्या स्वतःकडं बघत राहिला.

"झाली बरी म्हणायची," तो म्हणाला. मला का भिंतीला, कळलं नाही.

एका कोनाड्याचा तळ तडकला होता. कोणी तरी पेटता दिवा सरळ तिथं ठेवला असणार. बानं तडा खरवडला, नवा चुना भरला, वर बारीक पांढरा थर दिला. तो जरा आळून यायची वाट बघत आम्ही दोघांनी हौदाच्या काठावर भाकरी खाल्ली. ठेचा तिखट होता म्हणे. बा दोनदा पाणी प्यायला. मला नुसतं चावल्यासारखं वाटलं.

मग बानं पिशवीतून मायचा गोटा काढून माझ्या हातात दिला. मी कपाळाला फडकं बांधलं आणि घोटायला लागले. माझा अंगठा तिच्या जागेत नीट बसत नव्हता, आत सरकत होता. कोनाडा अंधारा, म्हणून बा खालाची पितळेची परात घेऊन मागं उभा राहिला. दारातलं ऊन परातीवर घेऊन तो माझ्या हातावर टाकत होता. थोडा वेळ उजेड एका जागी होता. मग तो हलायला लागला.

"बा, परात सरळ धर."

सरळ झाली. पुन्हा हलली. मी घोटत राहिले. तळ पांढरा व्हायला लागला, मग चमकायला लागला. बा वाकून बघायला पुढं आला. त्याचं तोंड माझ्या खांद्यावरून कोनाड्यात आलं, आणि चुन्यावर थेंब पडला.

"बा, थेंब."

"पडू दे."

मी गोट्यानं तो दाबून काढायला गेले, तशी त्याची कड वाढली. बानं माझं मनगट धरलं. "राहू दे म्हणलं ना."

मला एवढंच वाटलं की बायका परत आल्यावर खालाला बोल लागणार. दुसरं काही वाटलं नाही. बाचं कपाळ मी तेव्हा बघितलं. त्यानं फडकं बांधलेलं नव्हतं. चुन्यापाशी उभं राहताना तो फडकं कधी विसरला नव्हता.

खालाला मी डाग दाखवला. ती जवळ जाऊन बघून आली. "रैने दे बेटी," म्हणाली, आणि परात घासायला घेऊन गेली.

ऊन कलताना घरी पोचलो. आत्या उंबऱ्यातच उभी होती. मला वरपासून खालपर्यंत बघून तिनं बाला विचारलं, "रडली का?"

"रडली," बा सायकल भिंतीला लावत म्हणाला.

"माज्याशी खोटं बोलू नको भाऊ."

"जागीरदाराच्या जनान्यात डाव्या हाताचा कोनाडा हाय. जाऊन बघ. ओल्या घोटाईवर डाग पडलाय."

लग्नाआधी आत्यानंही घोटाई केलेली. घोटणारी बाई हाताखालच्या चुन्यावर थेंब पडू देते म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नव्हतं. ती माझ्याजवळ आली, माझं कपाळ चाचपलं. फडकं अजून तसंच बांधलेलं होतं.

"केवढा?" तिनं विचारलं.

"चिंचोक्याएवढा," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"मंग आतून आला असंल," आत्या म्हणाली, आणि फडक्याची गाठ सोडायला लागली. तिला ती लवकर सुटेना. मी बाकडं बघितलं. तो चुन्याची रिकामी पिशवी झटकत होता, झटकून झाली तरी झटकत होता. डाग कोणाचा, हे मी आत्याला सांगितलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. भगताचं नाव घरात निघालं नाही.

अमावस्येला आत्यानं आढ्याची पुरचुंडी सोडली आणि त्या मिरच्या उखळात घालून कांडायला बसली. ठसका साऱ्या घरात भरला. आत्याचे डोळे गळत होते, दारात बसलेल्या बाचे गळत होते. माझेही गळले.

ते काही धरायचं नाही.