उजवीकडे वळलेले चौघे

क्रॉस कंट्रीच्या शर्यतीत आईबापांना दिसतं फार थोडं. शिट्टी वाजते, मुलांचा लोंढा समोरून जातो आणि त्यात आपला मुलगा कुठला हे कळेपर्यंत तो झाडीत शिरलेला असतो. मग नुसती वाट बघायची. मुलगा आठवीत गेल्यापासून मी बंगळूरच्या चारी दिशांना कुठल्या कुठल्या मैदानांच्या कडेला त्याचं जाकीट हातात धरून उभी राहत आले आहे.

त्या रविवारी शर्यत शहराबाहेरच्या एका कॉलेजच्या आवारात होती. जे. पी. नगरहून स्कूटरवर चांगला तासभर लागतो. नवरा बदलीच्या गावी हुबळीला होता. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून मला रात्री सलग झोप नव्हती. निघण्याआधी त्यांचं सगळं आवरलं, चहा दिला, समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंकडे किल्ली ठेवली.

"स्वल्प लवकर ये गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या कितीतरी पिढ्या बंगळुरात गेल्या आहेत. त्यांच्या मराठीत कानडी शब्द असे सहज येतात. मी बेळगावची, मला ते कधी खटकत नाहीत. त्या दिवशी मात्र ते 'लवकर' जिना उतरेपर्यंत माझ्या पाठीवर बसून आलं.

मुलगा स्कूटरवर मागे बसला. दहावीचं वर्ष. या गटातली ही त्याची शेवटची शर्यत आणि पहिल्या सहांत आला तर जिल्ह्याच्या संघात निवड. गेल्या वर्षी तो आठवा आला होता. उतरल्यावर त्याने जाकीट माझ्याकडे दिलं, बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या आणि म्हणाला, "आई, तू बस कुठेतरी. उभी राहू नकोस."

बसले असते तर झोपच लागली असती, म्हणून मी उभीच राहिले.

शिट्टी वाजली. या वेळी तो मला पटकन दिसला, पुढच्या घोळक्यात, कोपरं अंगाशी घट्ट धरलेला. तळ्याच्या बांधावरून ती सगळी मुलं निलगिरीच्या बनात शिरली. पहिल्या फेरीनंतर बाहेर आली तेव्हा तो पाचवा होता. माझ्या शेजारी एक कानडी बाई होत्या. त्यांचा मुलगा चौथा होता. आम्ही दोघी एकदम ओरडलो आणि मग एकमेकींकडे बघून ओशाळल्यासारखं हसलो.

दुसऱ्या फेरीतून पहिले दोघे बाहेर आले. मग बराच वेळ कोणी नाही. मग जे आले ते कितीतरी मागचे होते. मी चेहरे बघत राहिले. आणखी आले. दम लागलेले, पोटाला हात लावून चालणारेही आले. आमचे नाहीत.

"बर्तारे अक्का, बर्तारे," येतील म्हणून त्या बाई मला धीर देत होत्या, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. माझ्या डोळ्यांसमोर तो कुठेतरी पालापाचोळ्यात पडलेला दिसायला लागला. मी जाकीट कमरेला बांधलं आणि बनाकडे चालायला लागले. पायांत नुसत्या चपला. एवढी थकले होते की भीतीसुद्धा मला नीट वाटत नव्हती.

बनापर्यंत पोचलेच नाही. चार मुलं भलत्याच बाजूने, कॉलेजच्या मागच्या फाटकाकडून पळत येताना दिसली. आमचा मुलगा सगळ्यात मागे. चेहरा लालबुंद.

"काय झालं रे?"

"बाजूला हो आई!" तो ओरडला आणि तसाच पुढे पळाला. फिनिशची दोरी सैल होऊन जमिनीला टेकली होती. तरी चौघांनीही ती पळतच ओलांडली.

वळणावरची दिशा दाखवणारी पाटी पडली होती म्हणे. चौघे उजवीकडे वळले ते थेट फाटकाबाहेरच्या रस्त्यावर निघाले. शाळेच्या सरांनी बराच वाद घातला. आयोजकांनी ऐकून घेतलं, वाईट वाटलं म्हणाले आणि निकाल तोच ठेवला. मीही बोलायला पुढे झाले, तर मुलाने माझा दंड धरला. "राहू दे ना. चल."

परतीच्या वाटेवर एका दर्शिनी हॉटेलात आम्ही इडली-वडा घेतला. उंच टेबलाशी उभं राहून तो सांबारात चमचा फिरवत राहिला.

"मला पाटी दिसली होती," तो म्हणाला. "पडलेली होती, पण बाण डावीकडेच होता."

"मग?"

"पुढचे तिघे उजवीकडे गेले. मला वाटलं, तिघंही चुकतील कसे?"

"मग तरी मागे फिरायचंस."

"डावीकडे कोणीच दिसत नव्हतं. एकट्यानेच पळावं लागलं असतं."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. चांगलं, आईने बोलावं असं. मी माझ्या ताटलीतला वडा त्याच्या ताटलीत ठेवला. त्याने तो खाल्ला. खाताना डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तोंड दुसरीकडे फिरवलं आणि मीही दुसरीकडे बघितलं.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. "जिंकलास का रे?" त्यांनी विचारलं.

"रस्ता चुकलो, आजी."

"मग सापडला ना? सरी, झालं तर," म्हणून त्यांनी त्याला जवळ बसवून घेतलं. मी कुकर लावायला आत गेले.

दोन दिवस तो सरावाला गेला नाही. मी विचारलं नाही. खरं तर पहाटेचा गजर नाही म्हणून मला बरंच वाटत होतं आणि तसं वाटतंय याने जीव आणखी दमत होता.

बुधवारी पहाटे दाराची कडी वाजली. मी धडपडत बाहेर आले तर तो बूट घालत होता.

"थांब, स्कूटर काढते."

"नको. तलावापर्यंत पळतच जातो."

"सर येणारेत?"

"कोणी नाही. एकटाच." त्याने दार ओढून घेतलं, मग पुन्हा उघडलं. "तू झोप."

त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली. मी सासूबाईंच्या खोलीत डोकावले, त्या शांत झोपल्या होत्या. मग आडवी झाले. दूधवाल्याने बेल वाजवली तीही मला ऐकू आली नाही.