कूलरच्या आवाजात हरवलेला खुनी

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी सासुरवाडीला एका चांगल्या खुनाचं वाटोळं केलं. खून तसा आधीच झालेला होता, रेडिओवर, तीन महिन्यांपूर्वी. मी फक्त खुनी पळवला. तोही चोरून नाही, सगळ्यांच्या देखत, बटण दाबून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वर्ध्याला कारकून, राहायला पिपरी मेघेला. बायको अल्लीपूरची. सासऱ्यांचं तिथे किराणा दुकान आणि थोडी शेती. लग्न फेब्रुवारीत झालं आणि मे महिन्यात आंब्याच्या रसाचं आमंत्रण आलं. नवा जवाई रस खायला येतो म्हणजे काय असतं, ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. ताटात शेवयांसारखे सरगुंडे पडत होते, त्यावर रस पडत होता, मी "बस, बस" म्हणत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं. शेवटी मी स्वतःही ऐकणं सोडून दिलं. जेवणानंतर मला आतल्या खोलीत खाटेवर आडवं करण्यात आलं. आडवा झालो असं म्हणणार नाही, त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

सासरे कमी बोलणारे. साखरपुड्यापासून तोवर माझ्या वाट्याला त्यांचे तीन शब्द आले होते: "या", "बसा" आणि "जेवा". यात राग नाही, स्वभावच तसा आहे, असं बायको सांगायची. पण मला आपलं वाटायचं, या माणसाने पोरगी दिली खरी, पण जवाई अजून पसंत केलेला नाही. त्यांनी माझ्याशी चौथा शब्द बोलावा, एवढीच माझी त्या मुक्कामातली इच्छा होती.

जाग आली ती घामाने. उशी ओली, बनियन ओलं, कूलरचा आवाज नाही. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी कूलर बंद म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलेलं असतं. मी घाबरून बाहेरच्या खोलीत आलो. बघतो तर सगळं घर तिथे जमलेलं. सासरे खुर्चीत पुढे वाकलेले. सासूबाईंच्या हातात पुठ्ठा, पण तो वारा घालायचा विसरलेला. साळा दारात, बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. सगळे घामाने निथळत होते आणि सगळे गप्प. स्टुलावर रेडिओ काहीतरी बोलत होता, पण रसाच्या झोपेतून उठलेल्या माणसाला रेडिओ नुसता दिसतो. वर छताचा पंखा मात्र फिरत होता. म्हटलं, अरे, लाइन गेली असणार, आता आली आणि या भोळ्या माणसांच्या लक्षातच नाही! जवाई म्हणून आपण कधी उपयोगी पडायचं? मी दोन ढांगा टाकल्या आणि कूलरचं बटण दाबलं.

तो कूलर हिंगणघाटहून बनवून आणलेला होता. लोखंडी, खिडकीएवढा. सुरू झाला की कापसाच्या जिनिंगची मशीन घरात आणून ठेवल्यासारखं वाटायचं. रेडिओतला इन्स्पेक्टर नेमका तेव्हा म्हणत होता, "खुनी याच खोलीत आहे. आणि त्याचं नाव आहे..."

घर्रर्रर्र.

"अबे कोण बे थो..." साळा ओरडत उठला, मला पाहिलं आणि त्याच श्वासात म्हणाला, "...बसा ना भाऊजी!"

"राहू दे रे," सासूबाई म्हणाल्या, "जवायाले गरम होऊन राह्यलं."

"मामाजी, लाइन आहे!" मी आवाज चढवून सासऱ्यांना आनंदाची बातमी दिली.

जवायाने लावलेला कूलर बंद करायचा कोणी? साळ्याचा हात बटणापर्यंत गेला आणि लाजून परत आला. शेवटी बायकोच उठली आणि तिने तो बंद केला. पण त्याचं पातं काही लगेच थांबणारं नव्हतं. ते स्वतःच्या मर्जीने थांबलं तोवर रेडिओवर शेवटची धून लागली होती. शेजारच्या घरातूनही तीच धून येत होती, म्हणजे संपलं ते संपलंच. पाठोपाठ कोणीतरी कपाशीवरच्या अळीबद्दल बोलू लागलं. सासऱ्यांनी रेडिओ बंद केला, त्याला चामड्याचं कव्हर घातलं, कव्हरची दोन्ही बटणं लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जवायाले आणखी रस द्या."

चौथा शब्द मिळाला. पण असा.

परतीच्या एसटीत बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती. मीच विचारलं, "एवढं काय होतं त्या नाटकात?"

"बाबा रविवारी दुपारी दुकान बंद ठेवतात. काऊन ठेवतात?"

"जेवायला?"

"आपलं लग्न सोमवारी होतं. काऊन होतं?"

"मुहूर्त..."

"मुहूर्त पंचांगातून नाई निघाला, रेडिओतून निघाला. आदल्या दिवशी त्याचा पहिला भाग होता."

मग तिने सगळं सांगितलं. एका जुन्या बंगल्याचा मालक मारला जातो. संशय चौघांवर: पुतण्या, डॉक्टर, वकील आणि माळी. दर रविवारी एक भाग. कूलरच्या आवाजात इन्स्पेक्टरची पावलं ऐकू येत नाहीत, दाराची कडी वाजलेली कळत नाही, म्हणून एप्रिल लागल्यापासून अख्खं घर ते नाटक संपेपर्यंत भट्टीत बसायचं. आणि हा होता शेवटचा भाग.

"पुन्हा लागेल ना कधी?"

"टीव्ही आहे काय तो?" ती म्हणाली. "एकदा गेलं का गेलं."

त्या रात्री मी ठरवलं की खुनी आपण शोधायचा. वर्ध्यात एवढी माणसं, कोणी ना कोणी ऐकलं असणारच. अल्लीपुरात विचारायची सोय नव्हती. जवाई खुनी शोधत फिरतो हे तासाभरात गावभर झालं असतं. कार्यालयात विचारलं, तर तिथे रेडिओ फक्त क्रिकेटसाठी होता. पानठेल्यावाला सुपारी कातरता कातरता ठामपणे म्हणाला, "वकील." कशावरून? "वकीलच असते, साहेब." बोरगाव मेघेचे एक निवृत्त गुरुजी "माळी" म्हणाले. त्यांनी पाऊण तास मला माळ्याचं बालपण समजावून सांगितलं आणि शेवटी लक्षात आलं की ते भलत्याच नाटकाबद्दल बोलतायत. आमच्या घरमालकीणबाईंनी "डॉक्टर" सांगितलं, पण त्यांचा त्या सुमारास त्यांच्या डॉक्टरवर राग होता. एक मुडदा आणि तीन खुनी. बायको म्हणाली, रेडिओवाल्यांना पत्र टाका. पत्रात लिहायचं काय? की मी तो जवाई, ज्याने कूलर लावला?

दिवाळीला अल्लीपूरला गेलो. दुकानात सासरे "बसा" म्हणाले, मी बसलो. ते तुरीची डाळ तोलत होते. पुढे काही बोलणं होणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. मी धीर करून म्हणालो, "मामाजी, तो खुनी. मी वर्ध्यात चौकशी केली. माळी होता म्हणतात."

तराजू हवेतच थांबला.

"माळी कसा असन?" सासरे म्हणाले. "माळ्याचा हात त खुनाच्या आधीच मोडला होता, दुसऱ्या भागात सांगितलं ना. गळा दाबाले दोन हात लागतात."

मी गारच झालो. मोजून बघा, तेवढे शब्द मी त्यांच्या तोंडून सबंध लग्नात ऐकले नव्हते.

"मग वकील?" मी म्हटलं.

"वकिलाचे जोडे कुरकुर वाजत. त्या रात्री जिन्यावर चालला त्याचे जोडे वाजले नाईत." त्यांनी डाळ पुडीत ओतली, गिऱ्हाइकाला दिली आणि आत आवाज दिला, "दोन चहा धाडजो. जवाई आले."

तिथून पुढे ते आमचं चालूच राहिलं. दर खेपेला मी वर्ध्याहून नवा पुरावा घेऊन जायचो आणि ते तो खोडून काढायचे. पुरावे संपल्यावर मी बनवू लागलो. गोष्टी सांगायची खोड मला लहानपणापासून, आणि घरात माझ्या गोष्टींना गिऱ्हाईक नव्हतं. एकदा मी सांगितलं की त्या रात्री बंगल्याच्या मागच्या खिडकीत कंदील दिसत होता.

"कंदील नव्हता," ते म्हणाले. "कंदील तुम्ही टाकला."

"बरं, नव्हता. पण असता तर?"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मी मनात म्हटलं, झालं, बिनसलं. मग म्हणाले, "असता, त डॉक्टर सुटते. वर खून होऊन राह्यला तवा डॉक्टर खाली कंदिलापाशी उभा होता, असं पुतण्याले दिसलं असतं ना." आणि हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले, अगदी बायकोसारखे.

वर्षं गेली. आमच्याकडे पोरगी झाली, अल्लीपूरच्या घरात रंगीत टीव्ही आला, चामड्याच्या कव्हरातला रेडिओ आलमारीवर गेला. रविवारी दुपारी दुकान उघडं राहू लागलं. पण दोन हजारनंतर लाइन तासन् तास जायला लागली आणि आमचं बरं झालं. टीव्ही बंद पडला की साळा करवादायचा आणि सासरे मला म्हणायचे, "या, बसा. काय म्हणते तुमचा पुतण्या?" साळ्याच्या बायकोला वाटायचं की माझा खरोखरच एक पुतण्या आहे आणि तो वाईट चालीचा आहे.

मग एका वर्षी मार्चमध्ये त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. वाचा काही दिवसांनी परत यायला लागली, पण त्यांनी ती वापरायचंच सोडलं. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, बोलले तर सुधारतील. साळ्याने बोलून पाहिलं, सासूबाईंनी देवाच्या गोष्टी सांगितल्या, बायको चार दिवस राहून आली. आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी ती म्हणाली, "बाबा नुसते भिंतीकडे पाहून राह्यले. एक शब्द नाई." आणि ती पंख्याखाली बसून रडली.

मे महिन्यात आम्ही गेलो. तीच बाहेरची खोली, खुर्चीच्या जागी आता खाट. ते पडलेले. खिडकीत तोच कूलर घरघरत होता. मी "मामाजी" म्हटलं, त्यांनी डोळे माझ्याकडे फिरवले आणि पुन्हा भिंतीकडे नेले. "या" पण नाही. बरोबर जिथून सुरुवात केली होती, त्याच्याही मागे आलो होतो आपण.

मला दुसरं काही येत नाही. मी उठलो आणि कूलर बंद केला.

"अहो, काय करून राह्यले?" बायको म्हणाली. "बाहेर ऊन पाहा!"

"भाऊजी, बाबाले त्रास होईन," साळा म्हणाला.

"थोडा वेळ," मी म्हटलं. पातं हळूहळू थांबलं. खोली एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत सासऱ्यांनी मान वळवली.

मी स्टुलावर बसलो, जिथे रेडिओ असायचा. आणि मी, केस पांढरे झालेला, एका पोरीचा बाप, शेवटचा भाग सांगायला लागलो. ऐकलेला नसलेला. पुतण्याचा आवाज नाकातून काढला, डॉक्टरचा घशातून. साखरेच्या डब्यावर बोटांनी इन्स्पेक्टरची पावलं वाजवली. दाराची कडी म्हणून सासूबाईंचा अडकित्ता वाजवला. वकिलाच्या जोड्यांची कुरकुर तोंडाने काढताना माझी पोरगी तोंडावर ओढणी धरून हसत होती, पण मी थांबलो नाही. मागच्या खिडकीत कंदील ठेवला. सासऱ्यांची भुवई वर गेली. घाम कानामागून पाठीत उतरत होता, सगळ्यांच्याच. कोणी पुठ्ठा हलवला नाही.

शेवटी मी उभा राहिलो, आवाज जाड केला आणि म्हणालो, "खुनी याच खोलीत आहे. आणि त्याचं नाव आहे..."

आणि थांबलो. कारण पुढचं मला खरंच माहीत नव्हतं.

सासऱ्यांनी डावा हात उचलला. हळूहळू तो वर आला आणि बोट माझ्यावर येऊन थांबलं.

"ज... जवाई," ते म्हणाले.

मग त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसली, ते एकमेकांवर चढलेले दात दिसले, आणि सगळं घर हसायला लागलं. सासूबाई हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. सासऱ्यांचं बोट माझ्यावरून खिडकीकडे सरकलं.

"लावा... आता," ते म्हणाले. "गरम... होते."

त्या दिवशी ते आणखी बोलले. थोडं, अडखळत. मी कंदील मुद्दाम आत ठेवला होता, तर "कंदील... नव्हता" हे त्यांनी दोनदा सांगितलं. निघताना साळ्याने माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

परतीच्या गाडीत मी फुशारलेला होतो. बायकोला म्हटलं, "एकच खंत आहे. एवढी वर्षं गेली, पण बाबांना खरा खुनी काही मी शोधून देऊ शकलो नाही."

ती आधी हसली. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं ती पोरीचा गणिताचा पेपर बघते.

"अहो, अल्लीपुरात रेडिओ काय आमच्या एकट्याच्याच घरी होता? बाबाचं दुकान हाय गावात. सोमवारी सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकानं सांगितलं असन." तिने पदर डोक्यावर घेतला, खिडकीतून ऊन येत होतं. "आता मले नका विचारू कोण होता ते. पुढच्या खेपेले त्याहिलेच विचारजा."