मुहूर्ताचं छिद्र

माझी फजिती ऐकायचीच असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी एका मैत्रिणीला ठसका लागला होता आणि तिच्यापेक्षा जास्त मीच घाबरले होते.

मी घाबरट आहे, हे आता लपवण्यात अर्थ नाही. कुकरची शिट्टी होणार हे ठाऊक असूनही मी दचकते. अशा मुलीने मेकॅनिकल इंजिनिअरिंग काहून केलं, असं आमचे देशकर काका अजून विचारतात. काका म्हणजे बाबांचे जुने मित्र. बीरगांवजवळ त्यांचं गेट-ग्रिल बनवायचं वर्कशॉप आहे आणि मी तिथे नुकतीच नोकरीला लागले होते.

पहिल्याच आठवड्यात कॉम्प्रेसरचा पाइप फुस्सकन सुटला आणि मी थेट पत्र्यांच्या ढिगामागे जाऊन बसले. काकांनी ते पाहिलं.

"पोरी, तू वर ऑफिसात बस," ते म्हणाले. "कोटेशन टाइप कर. एसी हाय."

"मला मशीनवर काम करायचंय, काका."

"मशीनले तुझी भीती वाटून राहिली ना पण."

शेवटी तोडगा निघाला. आमच्याकडे रीत अशी की विश्वकर्मा पूजेच्या दिवशी मशिनी बंद. त्यांना हार, कुंकू, लाल धागा. दुसऱ्या दिवशी काम सुरू करायचं ते सगळ्यात नव्या माणसाच्या हातून, आणि ते पहिलं छिद्र नीट पडलं तर वर्ष चांगलं जातं. या वर्षी नवी मी. काकांनी अट घातली, "छिद्र साफ पाडलं त खाली राहशील. ड्रिल तुटला, नाही त तू किंचाळली, त कॉम्प्युटर."

मग काय, रात्रंदिवस एकच ध्यास. गोल बाजारातून जाड कॅनव्हासचा ॲप्रन आणला. माझ्या मापाचा मिळाला नाही, म्हणून चांगला घेरदार, गुडघ्याखाली जाणारा आणला. जितका मोठा तितकी सुरक्षा जास्त, असा माझा हिशोब. हसू नका, अजून काही झालेलं नाही.

त्या सकाळी सगळे ड्रिल मशीनभोवती गोल करून उभे. मी केसांचा घट्ट अंबाडा बांधला, बांगड्या काढल्या, चष्मा लावला. मशीनवरचा हार तर काढलाच, लाल धागाही सोडून ठेवला. हातमोजे घातले नाहीत, कारण फिरणारा ड्रिल हातमोजा ओढून घेतो. हे मी सगळ्यांना मोठ्या आवाजात समजावूनही सांगितलं. ड्रिल धरणाऱ्या चकची चावी काढून बाजूला ठेवली. मशीनच्या टेबलावर व्हाईस, म्हणजे काम घट्ट धरायची लोखंडी पकड, बोल्टांनी आवळली. छिद्र पाडायची लोखंडी पट्टी तिच्यात घातली आणि व्हाईसचा दांडा फिरवून फिरवून अशी कसली की पट्टीला श्वास घेता आला नसता.

"दीदी, पट्टी को फाँसी दे रहे हो क्या?" साहू भैया म्हणाले. ते आमचे वेल्डर, बोलणं हिंदी आणि इथल्या बोलीचं.

"काम ढिलं असलं तर गरागरा फिरतं, भैया," मी गंभीरपणे म्हणाले.

आता फक्त डाव्या हाताच्या खांबावरचं बटण दाबायचं होतं. मी वळले.

आणि मला कोणीतरी मागे ओढलं.

पुन्हा वळून पाहिलं. पुन्हा ओढलं, पोटापासून. शेजारी हवा भरायला लावलेला कॉम्प्रेसर धडधडत होता, त्यामुळे मशीन चालू झाली की नाही तेही कळेना. मनात एकच आलं: मशीनने मला धरलं. डोळे आपोआप मिटले. ओरडायचं नाही, अट आहे, एवढं मात्र लक्षात होतं. म्हणून तोंड दाबून, व्हाईसचा दांडा घट्ट पकडून, मी जागच्या जागी थरथरत राहिले.

बाहेरून ते कसं दिसलं असेल, तुम्हीच सांगा.

"दीदी ला करंट धर लिस!" साहू भैया ओरडले. "मेन बंद करो!"

कोणीतरी मेन स्विच पाडला. कॉम्प्रेसर थांबला, पंखे थांबले, सगळीकडे शांतता. मी थरथरतच होते.

"अजून लागून राहिला का?" काका म्हणाले.

"इन्वर्टर से आवत हे," साहू भैया ठामपणे म्हणाले.

"इन्व्हर्टर वर हाय रे, ऑफिसात."

"त ऊपर से आवत हे."

काका पूजेचा लाकडी पाट घेऊन आले आणि त्यावर उभे राहून माझ्याकडे हात लांबवू लागले, पण पोचेनात. पाटावरून उतरायची त्यांची तयारी नव्हती. तेवढ्यात साहू भैयांनी अंगणातला खराटा उचलला. करंट लागलेल्याला कोरड्या लाकडाने मारून सोडवतात, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक. एक फटका खांद्यावर बसला. मी दांडा आणखी घट्ट धरला.

"और चिपक गई," कोणीतरी म्हणालं.

दुसरा फटका पाठीवर.

"भैया, मारू नका," माझ्या तोंडून शेवटी आवाज फुटला. "मला मशीनने धरलंय."

"बोलून राहिली," काका म्हणाले. "करंटमध्ये बोलता येते काय?" ते पाटावरून हळूच उतरले, जवळ आले, वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

पट्टीसोबत माझ्या ॲप्रनचं टोकही व्हाईसमध्ये होतं. मीच कसलेलं.

"मशीन चालू कधी केली होतीस?" काकांनी विचारलं.

"केलीच नव्हती."

"आणि हे हातात काय हाय?"

हातात व्हाईसचा दांडा होता. तो उलटा फिरवला असता तर मी सुटले असते. मघापासून माझी सुटका मीच घट्ट धरून उभी होते.

कोणी हसलं नाही. साहू भैया खराटा ठेवायला बाहेर गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत.

काकांनी दांडा उलटा फिरवून मला सोडवलं, ॲप्रन उतरवायला आणि पट्टी पुन्हा कसायला लावली, मेन चालू केला आणि म्हणाले, "पाड."

मी पाडलं. हँडल हळूहळू दाबत, मधूनमधून ड्रिल वर घेऊन लोखंडाचा कीस मोकळा करत, तेलाचा थेंब देत. ड्रिल आरपार निघायच्या क्षणी जोर कमी केला. छिद्र गोल आणि साफ पडलं. काकांनी पट्टी डोळ्याला लावून त्यातून माझ्याकडे पाहिलं.

"किंचाळली नाहीस," ते म्हणाले. "राहा खालीच."

पण गोष्ट वर्कशॉपच्या बाहेर वेगळीच पोचली होती. त्या आठवड्यात आमच्या ओळीतल्या एकूण एक शेडने इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. पलीकडच्या शेडचे मालक तर मुद्दाम मला भेटायला आले. चेहरा अगदी काळजीचा.

"दीदी, सुना बहुत जोर का करंट लगा था?"

मी काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहत होते. मी खांदा चोळला.

"हव भैया," मी म्हणाले, "बाल-बाल बची."