जुनी गोट

धुळ्याच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. 'साहित्यप्रकार' हा पेपर माझ्याकडे. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे ओवी, लोककथा, भारूड लिहायचं आणि उजवीकडे लघुकथा, कादंबरी, ललितलेख. पारंपरिक इकडे, आधुनिक तिकडे. पोरी पटापट उतरवून घेतात.

एका वर्षी माझी पहिलीवहिली कथा दिवाळी अंकात छापून आली. वीस वर्षांचा संसार सोडून एक बाई पिशवी घेऊन एसटी स्टँडवर येते. समोर दोन गाड्या, एक माहेरच्या गावाची, दुसरी परत घराकडे नेणारी. दोन्ही सुरू होतात आणि कथा तिथंच थांबते. या शेवटाचा मला भारी अभिमान होता.

उन्हाळ्यात साक्रीजवळ माहेरी गेले, तर अंगणात काकूचे बिबडे चालले होते. ज्वारीचा शिजवलेला घाटा गरम असतानाच पापडासारखा थापायचा आणि खाटेवरच्या साडीवर वाळत घालायचा. शेजारच्या चार बायका मदतीला आल्या होत्या. माझे दोन बिबडे फाटल्यावर काकूनं मला उठवलंच.

"तू त्या खुर्चीवर बस आनि तुनी छापेल गोट वाच."

मी वाचली. शेवटचं वाक्य झालं, अंक मिटला.

"मंग?" काकू म्हणाली.

"मग काय, संपली."

"अशी कशी संपनी? ती कोणती गाडीमा बसनी?"

"ते वाचणाऱ्यानं ठरवायचं असतं, काकू."

"तूच लिखेल शे ना? तुले माहीत नही, ते आम्हले कसं माहीत?"

बायका हसल्या. पण त्यांचं समाधान काही होईना. पिशवीत काय होतं? बाईला पोरं होती का? नवऱ्यानं नक्की काय केलं होतं? यातलं एकही मी लिहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कधी मनातही आलं नव्हतं. एकीचं म्हणणं, ती घरी परत गेली असणार. दुसरी भडकली, "कसाले जाई ती?" घाटा गार होत चालला. शेवटी काकूनं हात धुतले आणि निकाल दिला. बाई माहेरी गेली, चार दिवस आयतं जेवली, पाचव्या दिवशी नवराच न्यायला आला, आणि बाईनं त्याला आणखी आठ दिवस ताटकळत ठेवलं. तेवढ्यावर न थांबता काकूनं ओवीच धरली,

"यष्टीमा बसनी बाई, संगे एकच लुगडं
दूरथीन दिखनं तिले, माहेरनं कवाड उघडं."

मला जरा लागलंच. इतक्या मेहनतीनं मोकळा ठेवलेला शेवट पाच बायकांनी अर्ध्या तासात बुजवून टाकला होता.

पुढच्या वर्षी भडगावला एका लग्नाला गेले होते. जेवणं उरकून बायका मांडवात पाय पसरून बसल्या होत्या. साक्रीकडून आलेल्या एक अक्का गोष्ट सांगत होत्या, मीही टेकले. एक बाई होती, तिचे सात भाऊ होते, बाई पिशवी घेऊन निघाली, पुढं दोन गाड्या उभ्या. अरे, ही माझीच बाई! इथं तर नवरा महिनाभर दारात उभा होता, आणि साती भाऊ त्याच्याकडून भांडी घासून घेत होते! मांडव हसून हसून लोळत होता.

मी विचारलं, "अक्का, ही कुणी लिहिलीय?"

"लिखाले काय ते पुस्तक शे? जुनी गोट शे, माय. मनी आजी सांगे."

मी मान डोलावली. माझी आहे म्हणण्याची इच्छाच झाली नाही. घरी येताना गाडीत एकटीच हसत होते, नवरा विचारत होता काय झालं म्हणून.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले, तेव्हा मी आधी अंकातली कथा वाचून दाखवली, मग अक्कांची सांगितली. विचारलं, "कोणती कुठल्या बाजूला लिहू?" शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

"मॅडम, पण आमच्या गावात तिला चारच भाऊ आहेत."