चूलबंद आवतान

आमच्या वस्तीवर बिरोबाच्या देवळावर कर्णा बसला तो पंच्याण्णव सालच्या घटस्थापनेला, आणि त्याच नवरात्रात फुलाबाईच्या पोटात दुखायला लागलं. औषधानं बरं होणारं ते दुखणं नव्हतं.

फुलाबाई आमची शेजारीण. तिच्या आणि आमच्या पडवीत एकच कुडाची भिंत, त्यामुळं तिनं नुसता सुस्कारा टाकला तरी आमच्याकडं ऐकू यायचा. पण ती सुस्कारे टाकणाऱ्यातली नव्हती, बोलणाऱ्यातली होती. नाव फुलाचं आणि जीभ बाभळीच्या काट्याची. नवरा मेंढरांमागं कोकणात उतरला आणि तिकडंच तापानं गेला. मूलबाळ नाही. दिरानं एक खोली काढून दिली आणि आपलं काम झालं असं समजून तो मोकळा झाला. अशी बाई एरवी अंग चोरून राहते. फुलाबाईनं मात्र साऱ्या वस्तीच्या बातम्या आपल्या पदरात घेतल्या.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत. पूर्वी सगळी मेंढरंवाली घरं. आता मेंढरं दोन-तीन घरांतच उरली होती, बाकीच्यांचा ऊस आणि म्हशी, आणि पोरं मोटारसायकलींवर बारामती एमआयडीसीला जाणारी. कालव्याला पाणी सुटलं, जनावरांचा डॉक्टर आला, कुणाची शेळी चुकली, कुणाच्या लेकीला मुलगा झाला, हे सगळं फुलाबाईच्या तोंडून कळायचं. पायाला भिंगरी होती तिच्या. सकाळी निघाली की वस्तीच्या शेवटच्या गोठ्यापर्यंत बातमी पोचवूनच ती चूल पेटवायची.

पण तिचा खरा मान आवतानाचा. जेवायचं बोलावणं म्हणजे आवतान. आमच्याकडचा माणूस भुकेनं मरेल, पण आवतानाशिवाय कुणाच्या पंगतीला जाऊन बसणार नाही. आणि ते आवतान दारात यावं लागतं. फुलाबाई उंबऱ्याच्या बाहेर उभी राहायची, डोक्यावरून पदर नीट करायची, घरातल्या सगळ्यांत वडील माणसाचं नाव घ्यायची आणि म्हणायची, "चूलबंद आवतान हाय. समद्यांनी यायचं." चूलबंद म्हणजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळं घर जेवायला. आतून कुणीतरी "येतो म्हनावं" असं उत्तर द्यायचं. ते उत्तर आलं की आवतान पोचलं. मग फुलाबाई पुढच्या दाराला. भांडलेली घरं कुठली, कुणाला आधी सांगितलं नाही तर कोण रुसतो, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं.

आणि अशात कर्णा आला. वस्तीचे मोठे कारभारी जोतीराम, त्यांना सगळे आबा म्हणायचे. त्यांचा मुलगा रविराज आणि त्याच्या बरोबरीच्या पोरांनी नवरात्रासाठी तो आणला. पहिले दोन दिवस पोरांनी नुसतं "हॅलो हॅलो" करून कान किटवले. तिसऱ्या दिवशी आबांनी माईक सुनेच्या हातात दिला. सून सुकन्या पिंपळीची, बारामतीला बारावीपर्यंत शिकलेली, कडेवर वर्षाचा शंभूराज. ती बोलायला लागली आणि धारा काढणाऱ्या बायांचे हात थांबले. आवाज गोड होता, खोटं कशाला बोलू.

"आज कालव्याचं पाणी सुटणार आहे. पाळी खालच्या चारीपासून सुरू होईल."

बातमी घेऊन निघालेली फुलाबाई आमच्या दारात पोचली होती. तोंड उघडलेलं तसंच राहिलं. माझी आई नको तिथं खरं बोलणारी. "आगं, आत्ताच सुकन्यानं सांगितलं की," ती म्हणाली. फुलाबाई वळली ती थेट घरात गेली, आणि त्या दिवशी आम्हाला भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचे आवाज फार आले.

मग तिचा जळफळाट सुरू झाला. कर्णा लागला की ती कानावर पदर ओढायची, पण पदराच्या आत कान टवकारलेला असायचा. कारण लगेच सांगायची, "खालची चारी म्हनली बया, पन पयला नंबर कुनाचा ते धड सांगितलं न्हाय." कुणी म्हणालं की पोरगी सांगते बरं, तर ही म्हणायची, "पोपट बी सांगतोय." तेवढ्यानं समाधान होईना, तेव्हा तिनं नवं काढलं. कर्णा वाजला की म्हशी पान्हा चोरतात.

ही बातमी मात्र सुकन्याच्या आधी घरोघर पोचली. आमच्याकडं देवावर टीका चालेल, पण दुधावर संकट आलेलं चालत नाही. दत्तोबानं तर धारेच्या वेळी म्हशीच्या कानात कापसाचे बोळे घातले. म्हशीनं त्याला लाथ घातली आणि चरवी पालथी झाली. दत्तोबा ओरडत सुटला, "बगा, फुलाबाई सांगत हुती त्ये खरंच की!" शेवटी आबांनी धारा झाल्यावरच माईक लावायचं ठरवलं. फुलाबाई दोन दिवस खुशीत होती. आमच्याकडं ताकाचा तांब्यासुद्धा आणून दिला.

दसऱ्यानं तिची खुशी घालवली. त्या दिवशी देवळापुढं गजी ढोल घुमले, घटातले पिवळे कोंब लोकांच्या टोप्यांत आणि फेट्यांत खोवले गेले, आणि भगताच्या अंगात येऊन त्यानं वर्षाची भाकणूक सांगितली. पाऊस कसा, ज्वारी कशी, जनावरांना रोग कुठला. देवळापर्यंत येऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना ही भाकणूक फुलाबाई आपट्याच्या पानांबरोबर घरी पोचवायची. त्यात अंथरुणाला खिळलेले एक म्हातारबाबा तिच्या खास मर्जीतले. ते तिची वाट बघायचे. यंदा ती पानं घेऊन पोचली तर म्हातारबाबा उशीला टेकून हसत बसलेले. "फुले, समदं आयकलं बग मी हितंच. ज्वारी सोळा आनं. पोरगी किती सपष्ट बोलती!"

फुलाबाईनं पानं त्यांच्या हातात दिली आणि परत आली. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडं भांडी वाजली नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा तिची दया आली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी शंभूराजचं जावळ ठरलं. आबांचा पहिला नातू, थाट मोठा. देवाला पुरणाचा निवद, माणसांना बोकडाचं जेवण, वस्तीतलं एकही घर सोडायचं नाही. आबांची बायको सारजाबाई जुन्या वळणाची. ती म्हणाली, "फुलाबाईला आवतानाचं सांगून येते."

"कशाला? कर्णा हाय की दारात," आबा म्हणाले. "तिचं बी वय झालं आता. किती हिंडवायचं?"

आबांच्या मनात वाईट नव्हतं. पण ते वाक्य तासाभरात फुलाबाईच्या कानावर गेलं, आणि त्यातले बाकीचे शब्द गळून तिच्याजवळ 'वय झालं' तेवढं उरलं. ती अंगणात उभी राहून आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "माझं वय झालं म्हनं! बगू आता तो कर्णा कसा जेवायला घालतोय ते."

शनिवारी सुकन्यानं तीनदा सांगितलं. "उद्या आमच्या शंभूराजचं जावळ आहे. सर्वांनी जेवायला यायचं आहे." शब्दाशब्दात कौतुक होतं. फुलाबाई जोंधळे निवडत ऐकत होती. काय होणार हे तिला तेव्हाच कळलं होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ती आबांच्या घरी जाऊन एक शब्द बोलली असती तर पुढचं टळलं असतं. ती बोलली नाही. सुपातले खडे मात्र तिनं नेहमीपेक्षा जोरात फेकले.

रविवारी सकाळी देवळात मामाच्या मांडीवर बसून शंभूराज रडला, न्हाव्यानं जावळ उतरवलं, पिंपळीच्या पाहुण्यांनी टोपडी आणली. दुपारी वस्तीभर मटणाचा वास सुटला. आणि वस्ती आपापल्या घरात बसून राहिली.

आमच्याच घरचं सांगतो. आई दारात जाऊन आली. "आपल्याला आवतान आलं का?" वडिलांनी विचारलं. आई म्हणाली, "न्हाय. दत्तोबाकडं बी आलेलं न्हाय." मी म्हणालो, "कर्ण्यावर सांगितलं की." वडील माझ्यावर उखडले. "कर्ण्यावर हरवलेली शेळी बी सांगत्यात. नाव घिऊन दारात कोन आलं? आपन काय वास काढत जायाचं व्हय?" तिकडं दत्तोबा आमच्याकडं बघत होता, की आम्ही निघालो तर तो निघेल. आम्ही त्याच्याकडं बघत होतो. सगळीकडं तेच. शेवटी आईनं चिडून पिठलं टाकलं, आणि मटणाच्या वासात आम्ही पिठल्याकडं बघत बसलो. घराघरातून धूर निघायला लागला.

तो धूर आबांच्या अंगणातून दिसला असणार. तिथं पत्रावळी मांडलेल्या, पाहुणे ताटकळलेले, आणि वस्तीतलं चिटपाखरू नाही. सुकन्यानं आणखी एकदा माईकवरून बोलावलं. कुणी हललं नाही. उलट वडील म्हणाले, "बग, परत कर्णाच."

थोड्या वेळानं भिंतीपलीकडं पावलं वाजली. सुकन्या जावळाची नवी साडी सावरत तडक फुलाबाईच्या घरात शिरली होती. म्हशींच्या पान्ह्याची गोष्ट तिला ठाऊक होती, म्हणून ती भांडायलाच आली होती.

"फुलाकाकू, तुमी लोकांना यिऊ नका म्हनून सांगितलंय ना?"

"मी?" फुलाबाई भाकरीवरची थाप न थांबवता म्हणाली. "मी कुनाला काय सांगनार? माझं वय झालंय."

"मग कुनीच का येत न्हाय?"

"मला तरी कुठं आवतान हाय? भाकरी थापत बसलीय मी."

"आवो, काल तीनदा सांगितलं!"

"कुनाला सांगितलं? कर्ण्यानं कुनाचं नाव घेतलं? कुनाच्या दारात हुबा ऱ्हायला तो? आन् कुनी 'येतो' म्हनलं त्याला?"

मग सुकन्याचा हुंदका ऐकू आला. फुलाबाईला बरं वाटलं असणार, एवढे दिवस ती याचीच वाट बघत होती. पण हुंदके थांबले, आणि सुकन्या उंबरा ओलांडून बाहेर गेली. मला वाटलं, निघाली. मी कुडाच्या फटीला डोळा लावला. ती बाहेर उभी होती, आणि डोक्यावरून पदर घेत होती.

"फुलाकाकू, आमच्या शंभूचं जावळ हाय. जेवायला या."

आत भाकरीची थाप चालूच.

"फुलाकाकू," तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी फुलाबाईच्याच चालीवर, "चूलबंद आवतान हाय. समद्यांनी यायचं."

फुलाबाईनं उभा जन्म वस्तीला आवतानं दिली होती. तिला कुणी दिलं नव्हतं. देणारीला कोण देणार? ती कार्याच्या घरी असायचीच, आणि शेवटच्या पंगतीला भांड्यात उरेल ते जेवायची. आणि आता दारात उभी राहून कुणीतरी तिच्या एकटीच्या घराला समद्यांनी या म्हणत होतं.

ती परातीपाशी तशीच बसून राहिली. 'येतो' म्हणाली नाही. मग उठून तिनं तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. चूल फसकन विझली. पिठानं माखलेले हात तसेच घेऊन ती बाहेर आली आणि सुकन्यावर खेकसली, "हुबी काय ऱ्हायलीस? जा, रस्सा गरम कर. मान्सं मी आनते."

मग ती जी सुटली! आमच्या दारात आली, वडिलांचं नाव घेतलं, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत वडील "येतो म्हनावं" म्हणून पायात वहाणा घालत होते. दत्तोबा तर आधीच टोपी घालून बसला होता. घटकाभरात सगळी वस्ती आबांच्या अंगणात. कुणाच्या घरी पिठलं निवत पडलं, कुणाच्या तव्यावर भाकरी करपली. फुलाबाई मात्र या वेळी वाढायला गेली नाही. आवतान आलेल्या माणसासारखी पहिल्या पंगतीत बसली आणि सुकन्याकडून दोनदा रस्सा मागून घेतला. शेजारच्या बाईनं म्हटलं, पोरगी गुणाची हाय. फुलाबाई म्हणाली, "वाढती बरी. बोलायचं तेवढं जमत न्हाय."

संध्याकाळी कर्ण्यावर सुकन्यानं सगळ्यांचे आभार मानले. मी पडवीत बसलो होतो. फुलाबाईच्या घरातून धूर निघत नव्हता, ओली चूल तशीच होती. कर्णा बंद झाला तशी ती आपल्याशीच बोलू लागली. "चूलबंद आवतान हाय," तिनं सुकन्याच्या आवाजात म्हणून बघितलं. जमलं नाही. पुन्हा म्हटलं, आणखी गोड करून. तरी जमलं नाही. "मेलीचा गळाच तसला हाय," ती चडफडली.

मी उठणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून तिचा स्वतःचा, खरखरीत आवाज आला, अगदी हळू, दुपारी द्यायचं राहून गेलेलं उत्तर देत.

"येतो म्हनावं. समदी येतो."